चार हजारांतले एकोणीस दिवस

माझे भाऊजी अकरा वर्षं एका खेळात रोज हजर होते. रोज म्हणजे रोज. अंगात ताप असताना, घरात पाहुणे बसलेले असताना, आमची आई गेली त्या दिवशीसुद्धा. आणि अकरा वर्षांनंतरही त्यांना तो खेळ येत नव्हता. एकाच माणसाबद्दल या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, हे त्यांना कधी पटलं नाही. गोष्ट एवढीच आहे. पण मला ती नीट सांगायची आहे, कारण तिच्यात मी काही फार चांगला वागलेलो नाही आणि त्याचं मला म्हणावं तेवढं वाईटही वाटत नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तळमजल्याला जुन्या कागदपत्रांची खोली आहे, तिचे ते प्रमुख. हाताखाली कुणी नाही, तरी प्रमुख. छताला भिडलेल्या लोखंडी मांडण्या, वरच्या खणापर्यंत पोचायला तीन पायऱ्यांचं एक स्टूल आणि टेबलावर जाडजूड नोंदवही. कुठली फाइल कुणी नेली, कधी नेली, कधी परत आणली, सगळं त्या वहीत. तीस वर्षांत त्या वहीत एक खाडाखोड नाही. एकदा खुद्द साहेबांनी मागच्या तारखेची नोंद करायला सांगितली, तर भाऊजींनी वही छातीशी धरली. म्हणाले, "साहेब, आजची तारीख घालतो. कालची गेली." साहेबांनी त्यांची रजा चार महिने अडवून धरली. भाऊजींनी ती परत मागितलीही नाही. हा माणूस खोटं लिहू शकत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

त्या कार्यालयात माणूस वर कसा चढतो? बसून. भाऊजी कारकून म्हणून लागले, बसले, वरिष्ठ कारकून झाले, परत बसले, प्रमुख झाले. मधल्या काळात त्यांच्यापेक्षा हुशार दोघंतिघं आले, कंटाळले आणि निघून गेले. त्यामुळे जो जास्त दिवस भरतो तो पुढे जातो, हा भाऊजींना कार्यालयाचा नव्हे तर जगाचाच नियम वाटायचा. त्यांना दुसरं काही दिसलंच नव्हतं, त्याला ते तरी काय करणार.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत एका भिंतीला भाऊजींचं कॉम्प्युटरचं टेबल, समोरच्या भिंतीला ताईचं. ताई दातांच्या कवळ्या बनवते. तीन दवाखान्यांतून तिच्याकडे लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात. ती त्यांत प्लास्टर ओतते, त्यावर मेण बसवते, मेणात एकेक दात रोवते आणि डॉक्टरांनी तोंडात लावून पाहिलं की पक्की कवळी करून देते. वरचा दात खालच्या दाताला केसभर आधी टेकला तरी माणसाला घास चावता येत नाही. तो केस ताईला दिसतो. निळ्या कागदाची पट्टी मधे धरून ती दोन जबडे मिटते, उघडते, उमटलेला ठिपका घासते, पुन्हा मिटते. दोघांची पाठ एकमेकांकडे, मधे चार फुटांची जागा. संसार म्हणायचा तो त्या चार फुटांत.

आता खेळाबद्दल. हा इंटरनेटवरचा खेळ. हजारो माणसं आपापल्या घरून एकाच जगात शिरतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी वैदू. नेमून दिलेली कामं केली की पातळी वाढते, चांगली शस्त्रं मिळतात. जेवढे तास घालाल तेवढी पातळी. इथपर्यंत भाऊजींचं आणि खेळाचं छान जमलं. शिवाय त्यात हजेरी होती. रोज एक छोटं काम: आज वीस लांडगे मारा, उद्या अमक्या डोंगरावरून मुळ्या आणा. ते केलं की त्या दिवसाची हजेरी लागायची. एक दिवस चुकला की आकडा पुन्हा शून्यावर. आणि सलग चार हजार दिवस भरले, की खेळातल्या राजधानीच्या चौकात जो मोठा दगड होता त्यावर तुमचं नाव कोरलं जायचं. कायमचं.

खेळात भाऊजींचं नाव होतं वज्रदेही. घरी त्यांना जिना चढताना दोनदा थांबावं लागायचं.

मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. भाऊजींनीच मला त्यांच्या टोळीत ओढलं. आम्ही बारा जण. म्होरके होते मास्तर, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. आवाज मऊ, आणि कुणाला लागेल असं काही बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडायची. टोळीचे नियम भाऊजींनी लिहिले होते, कलमवार. त्यातलं कलम तीन: ज्याची हजेरी सर्वांत जास्त, तोच ढालकरी. ढालकरी म्हणजे जो सगळ्यांच्या पुढे उभा राहतो आणि जनावराचे वार अंगावर घेतो. तो टिकला तर मागचे अकरा जण जनावर मारतात. तो पडला की अर्ध्या मिनिटात सगळे मरतात. हजेरी सर्वांत जास्त कुणाची, ते सांगायला नको.

आणि आमच्यापुढे होता काळगेंडा. दोन वर्षांत आम्ही त्याच्यावर दोनशे चौदा वेळा चालून गेलो आणि दोनशे चौदा वेळा मेलो. गेंडा शिंग खाली घेण्याआधी त्याचा डावा कान जरासा हलतो. त्या क्षणी ढाल डावीकडे वळवायची, बस. मास्तरांनी भाऊजींना पन्नासदा सांगितलं असेल, "जरा कानाकडे लक्ष ठेवा हं." भाऊजी म्हणायचे, "आहे की लक्ष." आणि त्यांची नजर खाली, ढालीच्या ताकदीच्या आकड्यांवर. टोळी आडवी झाली की शांतपणे म्हणायचे, "पातळी कमी पडते आहे. अजून दोन महिने भरू." कुणी काही बोलायचं नाही. एवढे दिवस भरलेला माणूस, त्याला काय बोलणार.

मी तरी बोलायला हवं होतं. पण मी डूख धरून बसलो होतो. चार वर्षांपूर्वी आमची आई दवाखान्यात होती. दुपारी ताईने त्यांना फोन केला, मी शेजारीच होतो. "अहो, आईचं काही खरं नाही. लवकर या." ते म्हणाले, "आलोच, दहा मिनिटं." आले पावणेदोन तासांनी. त्या दिवशी हजेरीला लांडगे होते आणि लांडगे सापडत नव्हते. हे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितलं, दवाखान्याच्या व्हरांड्यात, कारण उशिराचं खरं कारण सांगायचं अशी त्यांना सवय. आई तोवर गेलेली होती. शेवटी शेवटी ती, जावईबापू आले का, असं विचारत होती. ताईने त्यावर तेव्हाही आणि नंतरही एक अक्षर काढलं नाही.

गेल्या वर्षी भाऊजी त्या तीन पायऱ्यांच्या स्टुलावरून पडले. वरच्या खणातली फाइल काढताना तोल गेला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, वाजले किती. मग ताईला जवळ बोलावलं. तीन हजार नऊशे साठ दिवस झाले होते. चाळीस उरले होते.

"तू फक्त हजेरीचं काम करायचंस," ते म्हणाले. "बाकी कशालाही हात लावायचा नाही. मी लिहून देतो."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काही नाही. वेळ द्यायचा फक्त."

आणि झोपल्या झोपल्या त्यांनी सतरा कलमांची सूचना लिहून काढली. ताईने ती घडी घालून पर्समधे ठेवली. बायको काय, आणि खेळ काय, दोन्हीकडे नेमून दिलेलं काम पार पडलं की झालं, अशी त्यांची समजूत होती.

पहिल्या दिवशी लांडगेच आले. भाऊजींना वीस लांडग्यांना पंचवीस मिनिटं लागायची. ताईला पहिल्या दिवशी अर्धा तास लागला, तिसऱ्या दिवशी नऊ मिनिटं, पाचव्या दिवशी चार. मी बघतच राहिलो. ती म्हणाली, "उडी मारायच्या आधी मागचे पाय आखडतात रे मेले. तेवढं बघायचं."

तिथे माझ्या मनात आलं. रविवारची दुपार होती, टोळी जमली होती. मी लॅपटॉप घेऊन ताईकडे गेलो आणि म्हटलं, "ताई, दहा मिनिटं गेंड्यापुढे उभी राहतेस?"

"कशाला? त्यांनी नाही सांगितलंय."

"त्यांना कोण सांगतंय!"

टोळीला मी सांगितलं, भाऊजींचा घसा बसलाय, बोलणार नाहीत. दवाखान्याचं टोळीला माहीतच नव्हतं. रजा कळवली की खंड पडल्यासारखं दिसतं, म्हणून भाऊजींनी कुणाला कळवू दिलं नव्हतं. ताई पहिल्यांदा दहा सेकंदांत मेली आणि तिला खूप हसू आलं. दुसऱ्यांदा तिने ढाल उचललीच नाही. "थांब, मला नुसतं बघू दे," म्हणाली आणि मरेपर्यंत नुसती बघत राहिली. तिसऱ्यांदा म्हणाली, "कान हलतो की याचा." मी तिला काही सांगितलं नव्हतं. शपथेवर सांगतो.

नवव्या खेपेला, तिच्या हजेरीच्या बाराव्या दिवशी, काळगेंडा पडला. कानात सगळ्या टोळीचा आरडाओरडा. मास्तर तर रडलेच. "वज्रदेही, अहो कुठे लपवून ठेवलं होतंत हे!" ताईने हेडफोन काढून ठेवला आणि प्लास्टर सुकलं का ते बघायला गेली.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो तर भाऊजींच्या मोबाईलवर अभिनंदनाची रीघ लागलेली. त्यांनी मला विचारलं, "गेंडा पडला?"

"पडला."

"पाडला कुणी?"

"ताई उभी होती ढालीला."

त्यांनी मोबाईल छातीवर उलटा ठेवला. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. "ढाल माझीच ना पण?"

"तुमचीच."

"पातळी?"

"तुमचीच."

"मग झालं तर." आणि त्यांनी टोळीला उत्तर लिहिलं: आभारी आहे, अकरा वर्षांची सेवा फळाला आली. त्यांनी हे थापेबाजी म्हणून लिहिलं नाही. त्यांना खरंच तसं वाटलं. माणसाचा मला खरा संताप आला तो तेव्हा.

एकोणीस दिवसांनी ते घरी आले. काठी टेकत थेट टेबलाशी गेले, आकडा बघितला, तीन हजार नऊशे एकोणऐंशी, आणि त्या दिवशीची हजेरी स्वतः लावली. संध्याकाळी टोळी पुन्हा गेंड्यावर निघाली. वज्रदेही पुढे. मेलो. पुन्हा गेलो, मेलो. सात वेळा. मास्तरांचा घसा कोरडा पडलेला ऐकू येत होता. "मागच्या आठवड्यात कसं झकास केलं होतंत... तसंच करा ना."

"हळूहळू येईल. पाय दुखतोय."

तेव्हा मी बोललो. सगळ्या टोळीच्या कानात. "मागच्या आठवड्यात ते नव्हते. ताई होती. भाऊजी दवाखान्यात होते."

कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरं कुणीतरी म्हणालं, "तरीच!" हा शब्द मी कधी विसरणार नाही. किती सहज आला तो. म्हणजे दोन वर्षं प्रत्येकाच्या जिभेवर तयारच होता.

भाऊजींनी माइक तोंडाजवळ ओढला. मग कार्यालयात बोलतात त्या आवाजात म्हणाले, "ढाल माझी आहे. चार हजार दिवसांची आहे. त्या ढालीमागे खांब उभा केला असता तरी गेंडा पडला असता."

"मग तुम्ही उभे असताना का नाही पडला?" मी विचारलं.

"रविवारी सगळे या," ते म्हणाले. "तिला नवीन खातं काढून द्या. पहिल्या पातळीची लाकडी ढाल द्या. दोन मिनिटं टिकली, तर कलम तीन मी माझ्या हाताने खोडतो आणि पुढची जागा सोडतो." त्यांना वाटलं त्यांनी पेच टाकला. लाकडी ढालीने एक वार चुकला की खलास. दुसरी संधी नाही. आणि त्या माणसाजवळ दुसरं होतं काय? कार्यालयात तळमजला, घरात पाठ. अकरा लोकांच्या पुढे उभं राहायची ती एक जागा होती, तीच त्यांनी डावावर लावली.

ताईला यायचंच नव्हतं. रविवारी चार वाजता ती कवळीला पॉलिश करत होती. "मला उद्या द्यायचीय ही. ती म्हातारी आठ दिवस नुसतं पातळ पितेय. तुमचे खेळ तुम्ही खेळा."

भाऊजी म्हणाले, "जमणार नाही म्हण. सोडून देऊ."

त्यांनी हे बोलायला नको होतं. ताईने हात पुसले, त्यांच्या खुर्चीवर बसली, हेडफोन घातला. भाऊजी तिच्या मागे काठीवर रेलून उभे. मी ताईच्या टेबलावर, कवळ्या बाजूला सारून लॅपटॉप मांडला.

पहिला वार आला. ढाल वळली. दुसरा, तिसरा. भाऊजी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. दोन मिनिटं झाली. ते म्हणाले, "हं." पाच मिनिटं झाली, तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसले. टोळीतला एक जण वार मोजत होता. तोही थोड्या वेळाने गप्प झाला. लाकडी ढालीवर शिंग आपटल्याचा ठक् ठक् आवाज तेवढा. ताईची मान कवळीवर वाकते तशीच वाकलेली, पापणी लवत नव्हती.

पंधराव्या मिनिटाला भाऊजी म्हणाले, "पुरे आता. ऊठ." हळू म्हणाले. मी त्यांना कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यात हुकूम नव्हता, विनवणी होती.

ताईला ते ऐकू आलं. तिचा एक कान उघडा होता, आणि बोटं थबकली ती मी बघितली. तिने काही करायचंच नव्हतं. एक वार फक्त सोडून द्यायचा, मेले बाई म्हणायचं आणि उठायचं. दोन मिनिटं तर केव्हाच होऊन गेली होती. तरी तिथे ती पडली असती, तर त्यांना म्हणायला जागा उरली असती की गेंडा काही लाकडी ढालीने पडला नाही. एवढी जागा नवऱ्याला देता आली असती. मला वाटलं, देते ती.

गेंड्याचा कान हलला. तिने ढाल वळवली.

बाविसाव्या मिनिटाला गेंडा पडला. कुणी ओरडलं नाही. ताईने हेडफोन काढला आणि म्हणाली, "झालं?" मग उठता उठता खुर्ची चाचपून बघितली. "मधे पार खोल गेलीय हो ही. कसे बसता?" आणि आपल्या टेबलाशी जाऊन पॉलिशचं यंत्र सुरू केलं.

माझ्या लॅपटॉपमधून मास्तरांचा आवाज आला. "वहिनी, उद्यापासून संध्याकाळी सातला येत जाल का?"

"नाही हो," ताई यंत्राच्या आवाजावरून ओरडली. "मला कुठला वेळ!"

भाऊजींनी शब्द पाळला. कलम तीन खोडलं, खाली तारीख घातली, सही केली. पुढची जागा चार महिन्यांपूर्वी आलेल्या एकाला मिळाली. मास्तरांनी भाऊजींना मागे ठेवलं, औषधाच्या बाटल्या वाटायला. त्या जागेला हाताचा गुण लागत नाही, नुसतं हजर असावं लागतं. भाऊजी सातच्या ठोक्याला हजर असायचे.

तरी त्यांच्याजवळ एक गोष्ट उरली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली. जेवताना, दाढी करताना, मला जिन्यापर्यंत सोडायला येताना एकच. "कौशल्य वगैरे ठीक आहे रे. एखाद्याच्या हाताला असतं, एखाद्याच्या नसतं. पण चार हजार दिवस! ते काही कुणी हाताच्या गुणाने आणत नाही. ते भरावे लागतात."

चार हजारावा दिवस आला. संध्याकाळी सहाला त्यांनी हजेरी लावली आणि राजधानीच्या चौकात त्या दगडावर अक्षरं उमटली: वज्रदेही. टोळी आली होती. मास्तरांनी सगळ्यांना बजावून आणलं होतं. मी त्यांच्या घरीच होतो. भाऊजींनी खुर्ची फिरवली. अकरा वर्षांत मी त्यांना ताईकडे तोंड करून बसलेलं पहिल्यांदा बघत होतो. डोळ्यांत पाणी होतं.

"बघ," ते म्हणाले. "चार हजार. एका दिवसाचा खंड नाही."

ताईच्या एका हातात जबडा होता, दुसऱ्या हातात निळा कागद. तिने मान वर केली नाही.

"एकोणीस माझे आहेत त्यातले."

"काय?"

"तुम्ही दवाखान्यात होता तेव्हाचे. एकोणीस दिवस मी भरलेत. तेवढे सोडून सांगत जा लोकांना."

तिने कागद ठेवला आणि जबडा मिटला. भाऊजींची खुर्ची अजून तिच्याच बाजूला वळलेली होती. पडद्यावर टोळीचे लोक फटाके उडवत होते, त्याचा उजेड त्यांच्या कानामागे लुकलुकत होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि एक अर्ज वाचायला दिला. खेळाच्या कंपनीला. विषय: हजेरीतील त्रुटीबाबत. आपल्या नावावरील चार हजारांपैकी एकोणीस दिवसांची हजेरी आजारपणामुळे पत्नीने लावली आहे, तरी सदर एकोणीस दिवस वजा करून उरलेले तीन हजार नऊशे एक्क्याऐंशी दिवस सलग धरावेत, आणि ते एकोणीस दिवस नव्याने भरून देण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. त्यांच्या कार्यालयात हे असंच चालतं. नोकरीत खंड पडला तर अर्ज करायचा, वरचे लोक खंड माफ करतात आणि जुनी सेवा धरली जाते. जगात सगळीकडे असा कुणीतरी वरचा बसलेला असतो आणि तो अर्ज वाचतो, अशी त्यांची समजूत होती.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं. "तुला त्या नियमांतलं कळतं."

मला कळत होतं. कंपनीचा नियम मी आदल्याच दिवशी वाचला होता. खातं दुसऱ्याने वापरल्याचं आढळलं, तर हजेरी पहिल्यापासून रद्द. त्यात वजाबाकी नाही, माफी नाही. आणि आढळणार कसं होतं? कुणालाही काही कळलं नसतं. ते गप्प बसले असते तर नाव जन्मभर त्या दगडावर राहिलं असतं.

मी अर्ज पुन्हा एकदा वाचला. दवाखान्याचा व्हरांडा आठवला. लांडगे सापडत नव्हते, असं सांगणारा त्यांचा तो प्रामाणिक चेहरा आठवला.

"छान लिहिलंय," मी म्हटलं. "पाठवा."

उत्तर चार दिवसांनी आलं. दोन ओळींचं, त्यातली एक ओळ आभाराची. भाऊजींनी चौकात जाऊन बघितलं. दगडावर त्यांच्या वरचं नाव होतं, खालचं नाव होतं, मधली जागा गुळगुळीत. हजेरीच्या खणात शून्य.

मला बरं वाटेल असं वाटलं होतं. आणि वाटलं, ते नाकारण्यात अर्थ नाही. दोन दिवस छान झोप लागली. तिसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला, काहीतरी बोलावं म्हणून. ते म्हणाले, "आत्ता नको. लांडगे आलेत आज."

त्यांनी दुसऱ्याच दिवशी एकपासून सुरुवात केली होती. टोळीने मधेच त्यांना कमी केलं; बाटल्या वाटायला कुणी लागत नाही असं मास्तर म्हणाले, आणि घसा खाकरला. भाऊजी आता एकटेच असतात. चार हजार दिवस भरतील तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होतील.

काल मी त्यांच्याकडे जेवायला होतो. ताईने तीन ताटं वाढली आणि हाक मारली, "अहो, चला."

"आलोच, दहा मिनिटं."

ताई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली, स्वतःचं ताट पुढे ओढलं आणि पहिला घास घेतला.

"सावकाश या," ती म्हणाली. "अजून तीन हजार आठशे अठ्ठ्याऐंशी दिवस आहेत."

"सत्त्याऐंशी," भाऊजी पडद्याकडे बघत म्हणाले. "आजची लावली मी."